दृष्टी : सामान्य

सोमवार, १ सप्टेंबर

कॉलेजात आज नवं फर्मान निघालं. प्रत्येकीनं रोज एक पान लिहायचं, 'आज मी काय शिकले', आणि महिन्याअखेर बाईंना दाखवायचं. मी दोन वह्या आणल्या. एक दाखवायची, एक ही. दाखवायच्या वहीत आज लिहिलं, 'वेळेच्या नियोजनाचे महत्त्व समजले.' खरं झालं ते असं की सकाळची ड्युटी संपवून वॉर्डातून पळत सुटले, बस डोळ्यांदेखत गेली, वर्गात पोचले तर हजेरी होऊन गेलेली, आणि बाकावर टेकल्यावर कळलं की पायात भलत्याच चपला आहेत. शेजारी बसणारी पोरगी तेवीस वर्षांची. मला काकू म्हणते. खाली वाकून बघत म्हणाली, "काकू, चपलेवर खाट नंबर दहा लिहिलंय." म्हणजे दहा नंबरचे आजोबा संध्याकाळभर अनवाणी.

वय बेचाळीस, नर्सची नोकरी एकोणीस वर्षं, हातात फक्त जुना डिप्लोमा. आमच्या मोठ्या सिस्टर मार्चमध्ये निवृत्त होतात. तोवर पदवी मिळाली तर वॉर्डाची खुर्ची माझी. नाही मिळाली तर बाहेरून कुणीतरी येणार आणि सलाईन कसं लावायचं ते मला शिकवणार. गेल्या वर्षी बाकी सगळे विषय सुटले, एका समाज-आरोग्यात अडकले. ऐन परीक्षेच्या तोंडावर सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं, मी पंधरा दिवस रजा टाकून घरी बसले आणि अभ्यासाचे तीनतेरा वाजले. चार मार्कांनी गेले. यंदाची संधी शेवटची, मग माझी मुदतच संपते.

त्यावरून घरात माझा एक ठरलेला विनोद आहे. सासूबाई जड भांडं उचलायला गेल्या की मी म्हणते, "आई, जपून. तुमच्या मनगटानं माझे चार मार्क खाल्लेत." सगळे हसतात. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसतात.

बुधवार, ३ सप्टेंबर

समाज-आरोग्याच्या बाईंनी काम दिलं. एक कुटुंब निवडायचं, घरातल्या प्रत्येकाची तपासणी करायची, फॉर्म भरायचा, आणि शेवटी बाई स्वतः त्या घरी येऊन आपल्याकडून प्रात्यक्षिक करून घेणार. पोरी लगेच कुठल्या वस्तीत जायचं त्याची चर्चा करायला लागल्या. मी हात वर केला. "बाई, स्वतःचंच घर घेतलं तर चालेल?"

या बाई हसतायत की नाही ते कधी कळत नाही. म्हणाल्या, "चालेल. पण अवघड जाईल."

अवघड कसलं डोंबलाचं. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा कशाला घालू?

शुक्रवार, ५ सप्टेंबर

बसस्टॉपवर बसून फॉर्म भरून टाकला. बस वीस मिनिटं उशिरा आली, तेवढ्यात अख्खं कुटुंब तपासून झालं.

नवरा, सत्तेचाळीस. धंदा घड्याळदुरुस्ती. पाठ वाकडी करून बसतो, सांगितलेलं ऐकत नाही. (हे 'ऐकू येणे' या रकान्यात लिहायचा मोह झाला.) घरात भिंतीवर तीन घड्याळं, तिघांची तीन मतं. लोकांची मात्र सेकंदाला बरोबर करून देतो.

मुलगी, तेरा. वजन बेताचं, तोंड मजबूत. कुठल्याही गोष्टीवर बाजू मांडते म्हणून घरात तिला वकील म्हणतात. काल दूध का प्यायलं नाहीस विचारलं तर म्हणाली, "प्यायले नाही हे सिद्ध करा."

सासूबाई, सत्तर. बीपीची गोळी आणि साखरेची गोळी चालू. खाणं थोडं, बोलणं भरपूर. श्रवण सामान्य, दृष्टी सामान्य, झोप सामान्य. या बाईंना काय धाड भरलीये? सकाळी साडेपाचला उठतात, दिवासुद्धा न लावता चहा करतात. मी म्हणते, "आई, बिलाची काळजी बरीच दिसते." म्हणतात, "मला लागतोय कशाला गं दिवा?"

रविवार, ७ सप्टेंबर

सुट्टी. आवराआवरीला हात घातला. या घरात एक वस्तू जागच्या जागी असेल तर शपथ. सासूबाईंचा गोळ्यांचा डबा उघडला तर प्रत्येक पाकिटाला रबरबँड गुंडाळलेले. एका पाकिटाला एक, दुसऱ्याला दोन. घड्याळाच्या दुकानातला हा सगळा भंगार माल हळूहळू घरात येतो. रबरबँड काढून फेकले, गोळ्या सोडवून कप्प्यांच्या नव्या डबीत घातल्या, प्रत्येक कप्प्यावर बारीक सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. वॉर्डात असं दिसलं असतं तर मोठ्या सिस्टरांनी पाठ थोपटली असती. इथे वकीलसाहेबा किंचाळल्या, "आई, ते रबरबँड आजीचे होते."

"आजी काय गोफण करणार आहे?" मी म्हटलं.

ती आजीकडे बघत गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली म्हणून दाखवायच्या वहीत नोंद करायला हवी.

सासूबाईंनी केलेल्या चहात आज साखरेऐवजी मीठ. मी म्हटलं, "आई, समुद्रावर नेताय का आम्हाला?" त्या म्हणाल्या, "बरण्यांच्या जागा कुणी बदलल्या गं?" मीच बदलल्या होत्या. पण म्हणून मीठ पडावं? दोन बरण्यांत फरक काय कमी आहे?

मंगळवार, ९ सप्टेंबर

दुपारी ड्युटीवर वकीलचा फोन. आजीला गरगरतंय. मोठ्या सिस्टरांना सांगून धावत आले. बीपी नव्वदावर साठ. पाय उंच करून झोपवलं, पाणी पाजलं, तासाभरात बरं वाटलं. मी चांगलीच झापली. "दिवसभर पाणी पीत नाही तुम्ही. नर्सच्या घरात हे शोभतं का?"

"नाही शोभत," सासूबाई म्हणाल्या. एरवी एकाला चार शब्द देणारी बाई, आज एकदम कबूल.

दाखवायच्या वहीत 'वृद्धांमधील पाण्याची कमतरता' यावर दीड पान लिहिलं. अनुभवाचं असल्यामुळे छान उतरलंय.

आमचे हे एरवी जेवण झालं की आधी टीव्हीसमोर बसतात. आज जेवल्या जेवल्या स्वतः आईच्या हातावर गोळी ठेवली. मी म्हटलं, "अहो, मातृभक्ती एकदम कुठून उगवली?" तर म्हणाले, "ती जुनीच आहे, तुझं लक्ष नव्हतं."

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज वॉर्डात मी भाव खाल्ला. दहा नंबरचे आजोबा, तेच चपलांचे मालक. गोड माणूस, काहीही विचारा, हसून 'हो हो, बरंय' म्हणतात. दोन डॉक्टर तपासून गेले, दोघांना बरंय. मला संशय आला. मी तोंडावर मास्क चढवून समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आजोबा, तुमच्या उशाशी हत्ती बसलाय ना?" आजोबा म्हणाले, "हो हो, बरंय." बिचाऱ्यांना कानांनी काही ऐकूच येत नाही. समोरचा काहीतरी बोलतोय एवढं बघून हसतात, आणि कुणाला त्रास नको म्हणून सगळ्याला हो म्हणतात.

मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला म्हणतात नर्सची नजर." बसमध्ये उभ्यानं आले तरी पाय दुखले नाहीत. दाखवायच्या वहीत लिहिलं, 'माणूस बरंय म्हणाला की दोनदा विचारावे. म्हातारी माणसे लपवण्यात तरबेज असतात.' हे मला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या ह्यांना ठसका लागला.

सोमवार, १५ सप्टेंबर

फॉर्म परत आला. बाईंनी गुण दिलेच नाहीत. प्रत्येक रकान्यासमोर लाल शाईत एकच शब्द. पद्धत? वजनासमोर पद्धत? श्रवणासमोर पद्धत? दृष्टीसमोर पद्धत?, आणि तिथे पेन जरा जोरात टेकलंय.

मी वर्गानंतर गाठलं. "बाई, वीस वर्षं एका घरात राहतेय. मला काय माहीत नाही त्यांचं?"

"तेच लिहा मग," बाई म्हणाल्या. "पद्धत : वीस वर्षं एका घरात राहते. बघा वाचायला कसं वाटतं ते."

बाकावरची पोरगी खुदखुदत होती. मी पण हसले, पण आतून चिडले होते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वकीलनं डोळे तपासायचा तक्ता काढून दिला. पुठ्ठ्यावर सात ओळी, वर एक मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. हात धुण्याच्या सात पायऱ्यांचाही एक तक्ता काढलाय, बाई येतील तेव्हा घरच्यांना आरोग्याचे चार शब्द सांगायचेत त्यासाठी. दोन्ही सुरेख. मुलगी माझ्यावर गेलीये असं मी म्हटलं, तर हे म्हणाले, "चित्रकला माझी, वाद घालणं तुझं."

डोळे तपासायचे रविवारी, असं जाहीर केलं. घरात एकदम शांतता पसरली. परीक्षेचं नाव काढलं की सगळ्यांचंच असं होतं, वय काही का असेना.

शनिवार, २० सप्टेंबर

आजी आणि नात दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत कसलातरी खेळ खेळत होत्या. नात म्हणणार, आजी मागून म्हणणार. "ग. प, म. ल, न, त." पाढ्यासारखं. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणे अंताक्षरीची तयारी. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना वेळच वेळ आहे.

सासूबाईंची चादर बदलताना उशीखाली ह्यांचं डोळ्याला लावायचं भिंग सापडलं. दुकानात दोन दिवस शोधत होते बिचारे. पोरीनं खेळायला नेऊन तिथे टाकलं असणार. तिला रागावले. तिनं चक्क ऐकून घेतलं, बाजू मांडली नाही. वयात येतेय, समज येतेय.

रविवार, २१ सप्टेंबर

तपासणी झाली. पद्धतशीर. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या खोलीच्या भिंतीपर्यंत टेपनं मोजून बरोबर वीस फूट. वजनकाटा शेजाऱ्यांकडून आणला.

ह्यांना सहावी ओळ दिसली. वकीलला सातही, तक्ता तिनंच काढलेला, त्यामुळे तो निकाल बाद. आणि सासूबाई? डावा डोळा झाकून सात ओळी. उजवा झाकून सात ओळी. एकही चूक नाही, अडखळणं नाही. सातवी ओळ मला स्वतःला नीट दिसत नाही, ती सुद्धा. सत्तराव्या वर्षी घारीची नजर. मी म्हटलं, "आई, तुमच्यापुढे मीच चष्मा घ्यायला हवा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझी परीक्षा नीट होऊ दे म्हणजे झालं."

फॉर्ममध्ये ठसठशीत लिहिलं. दृष्टी : सामान्य. पद्धत : वीस फुटांवरून तक्ता. आता करा लाल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आजचं लिहू की नको असं वाटत होतं. ही वही कुणाला दाखवायची नाही म्हणून लिहिते.

बाई चारला आल्या. घर चकाचक. वकील शाळेत, हे दुकान अर्धा दिवस बंद करून हजर. सुरुवात झकास झाली. मी हात धुण्याच्या सात पायऱ्या सांगितल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाई म्हणाल्या, "आजींची दृष्टी कशी तपासलीत ते करून दाखवा."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात मोजलेल्या जागी स्टुलावर बसल्या. मी तक्त्याशेजारी उभी राहिले, भिंतीला पाठ, तोंड त्यांच्याकडे. त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला.

"आई, वरची ओळ वाचा."

"ग," सासूबाई म्हणाल्या.

"पुढची."

"प, म."

मग मला विचारावंही लागलं नाही. ल, न, त करत सातव्या ओळीपर्यंत खडाखडा म्हणून मोकळ्या झाल्या. माझ्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. मी बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"झालं का गं?" सासूबाईंनी विचारलं. "आता कुठला डोळा झाकून म्हणू?"

हे खोकले. उगीच खोकले, मला कळलं ते.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "मागे बघा."

मागे हातांची सात चित्रं होती. साबण लावा, तळवे चोळा, बोटांच्या बेचक्यात चोळा. तासाभरापूर्वी मीच तो तक्ता अक्षरांच्या तक्त्यावर टांगला होता आणि काढायला विसरले होते. त्यावर वीस फुटांवरून वाचावं असं एकही अक्षर नव्हतं.

बाईंनी आवाज चढवला नाही. चार पावलं पुढे गेल्या आणि हात वर केला. "आजी, बोटं किती?"

"कुणाची?" सासूबाई म्हणाल्या.

बाई पुढे पुढे जात राहिल्या. हातभर अंतर राहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तीन." ते डाव्या डोळ्यानं. उजव्यानं नुसता हात हललेला कळला. खिडकीच्या उजेडात वळवून बघितलं तर उजवं बुबुळ दुधासारखं पांढरं. मी रोज या बाईंच्या समोर बसून जेवते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"उजवा दोन वर्षं. डावा यंदा."

"गेल्या वर्षी पडलात म्हणे?"

सासूबाईंनी पदर सावरला. हे बोलले. "न्हाणीघराचा उंबरा दिसला नव्हता तिला."

बाई माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, तेव्हा विचारलं होतं का, कशा पडल्या?"

मनगट कसं मोडलंय ते मी बघितलं होतं. प्लास्टर किती दिवस ठेवायचं, बोटांना सूज आहे का, सगळं बघितलं होतं. कशा पडल्या ते विचारलं नव्हतं.

मग एकेक बाहेर आलं. रबरबँड वकीलची युक्ती. एक म्हणजे बीपीची, दोन म्हणजे साखरेची, बोटांनी ओळखायची. मी काढून फेकले, बारीक सुबक अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि त्यांनी एका दिवसात बीपीची गोळी दोनदा घेतली. नव्वदावर साठ. त्यावर मी पाण्याच्या कमतरतेचं दीड पान लिहिलंय. भिंग ह्यांनीच आईला दिलं होतं, दोन दिवस शोधणं नुसतं नाटक. तक्ता नातीनं तीन दिवसांत पाठ करून घेतला. मला सोडून सगळ्यांना ठाऊक, आणि तिघांचं ठरलेलं, माझी परीक्षा झाल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही.

मला आधी राग आला. ह्यांच्यावर, पोरीवर, सगळ्यांवर. बाईंसमोरच म्हटलं, "अहो, मी नर्स आहे. मला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "सांगितलं असतं तर तू रजा टाकून घरी बसली असतीस. तू थट्टेनं म्हणायचीस, मला कळतं गं ते. पण चार मार्क गेले ते खरेच ना? पुन्हा माझ्यापायी नकोत जायला."

बाईंनी पेन बंद केलं. म्हणाल्या, आजच्या प्रात्यक्षिकाला दहातले शून्य द्यावे लागतील, इलाज नाही. फॉर्म पुन्हा भरून आणलात तर त्याचे गुण वेगळे. दारात चपला घालताना म्हणाल्या, "अवघड जाईल म्हटलं होतं मी." आवाज मऊ होता.

त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्याच उंबऱ्यावर बसून. दहा मार्क गेले म्हणून नव्हे. वर्षभर त्या माझ्या विनोदाला सगळ्यांत मोठ्यानं का हसत होत्या ते कळलं म्हणून.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी डोळ्यांच्या विभागात घेऊन गेले. पिकलेला मोतीबिंदू, दोन्हीकडे. आधी उजवा करायचा. डॉक्टर म्हणाले नऊ ऑक्टोबरची तारीख रिकामी आहे. माझा लेखी पेपर तेराला.

"पेपर झाल्यावर करू," सासूबाई म्हणाल्या.

"नऊलाच करू," मी म्हटलं.

"तू नापास झालीस तर?"

"तर माझ्या डोळ्यांमुळे होईन, तुमच्या नव्हे."

घरी येऊन भांडण परत सुरू झालं. शेवटी वकीलनं निकाल दिला. ऑपरेशन नऊलाच. थेंबांची जबाबदारी तिची आणि बाबांची, दर दोन तासांनी. आईनं अभ्यास करायचा, थेंबांना हात लावायचा नाही. मी एकच अट घातली, वॉर्डातली. थेंब घातल्यावर लगेच सही, आधी नाही, मागाहून नाही. सह्यांचा तक्ता तिनं तासाभरात आखला. रबरबँडही दुप्पट मोठे आणून पाकिटांना घातले. ते मी स्वतः घातले.

फॉर्म संध्याकाळी भरला. बसस्टॉपवर नव्हे, सासूबाईंच्या खाटेवर बसून, एकेक प्रश्न विचारून. झोप सामान्य नाहीये. पहाटे तीनला उठून बसतात. गुडघा दुखतो. रस्त्यावर एकट्या गेलेल्या नाहीत सहा महिने, मला वाटायचं टीव्ही सोडवत नाही. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणारीनं दोन वर्षं तपासलं नाही.' आणि दाखवायच्या वहीतलं पाण्याचं दीड पान उभी रेघ मारून खोडलं. फाडलं नाही. वॉर्डातही चुकीची नोंद फाडायची नसते, रेघ मारून सही करायची असते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. मी ड्युटीच्या मधल्या सुट्टीत डोळ्यांच्या विभागात गणवेशातच पोचले. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, उजवा डोळा मिचकावत. नर्सनं बाजूला होऊन मला पुढे केलं.

बराच वेळ बघत राहिल्या. मग हात पुढे करून माझ्या कानामागची बट धरली.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

मी म्हटलं, "झाली असतील दोन वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं न्याय्य वाटलं की मी ती बट तशीच त्यांच्या हातात राहू दिली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पेपर काल झाला. बरा गेला म्हणायचा. एक प्रश्न होता, 'वृद्ध व्यक्तीच्या दृष्टीची तपासणी सविस्तर लिहा.' सगळ्या पोरी तीन पानं लिहून थांबल्या, मी साडेपाच लिहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा बाकावरची म्हणाली, "काकू, आत्मचरित्र लिहिताय का?"

सह्यांचा तक्ता तपासला. पाच दिवस, एकही खाडा नाही. ह्यांच्या सह्या घड्याळाच्या काट्यावर, सेकंदासकट वेळ लिहिलेली. वकीलची सही एवढी लफ्फेदार की दोन रकाने खाल्लेत. एका ठिकाणी सासूबाईंचा अंगठा. विचारलं तर म्हणाल्या, "दोघं शाळा-दुकानात होती. मीच घातले थेंब. मग सही नको?" सही येते त्यांना, चांगली वळणदार येते. म्हटलं, अंगठा का? तर म्हणतात, "वॉर्डात पेशंटचा अंगठाच घेतात, तूच सांगायचीस."

गुरुवार, २० नोव्हेंबर

निकाल मार्कांसकट कॉलेजच्या फळ्यावर लागणार होता, अकरा वाजता. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. डावा डोळाही आता झालाय, नवा चष्मा आलाय, आणि दहा दिवसांपासून हे वाच ते वाच करून घर डोक्यावर घेतलंय. औषधांच्या पाकिटामागचा मजकूर वाचतात. ह्यांच्या सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी वाचतात. काल वकीलच्या प्रगतिपुस्तकात गणिताचे मार्क वाचले, आणि अशिलानं स्वतःच्या वकिलाला पहिल्यांदा उघडं पाडलं.

चौघंही बसनं गेलो. पायरी आली की मी हात धरत होते, त्या सोडवत होत्या. फळ्यापुढे ही गर्दी. दहातल्या शून्याचा हिशोब माझ्या डोक्यात महिनाभर चालूच होता. म्हटलं, तुम्ही बघा, मी इथेच थांबते, जिन्यापाशी.

सासूबाई पोरींना बाजूला सारत थेट फळ्याशी गेल्या. चष्मा नाकावर ओढला, बोट लावत लावत खाली आल्या आणि थांबल्या.

"आहे गं तुझा नंबर," त्या तिथूनच ओरडल्या. "पास लिहिलंय."

माझा नंबर महिनाभर घरातल्या फ्रीजवर चिकटवलेला. पोरीनं तो त्यांच्याकडून किती वेळा म्हणून घेतला असेल, कुणी सांगावं. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पोरीकडे बघितलं. पोरीनं हात वर केले, "मी काही शिकवलेलं नाही, शपथ."

मी जिन्यापाशीच उभी. तिथूनच म्हटलं, "आई, त्याच्या खालचा नंबर वाचा."

सासूबाईंनी बोट एक ओळ खाली सरकवलं. मग वळल्या, चेहरा उतरलेला, आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "ती नापास झालीये गं, बिचारी. तीन मार्कांनी."